डॉक्टर, आम्ही कुठं जाऊन आलो तेही विचारा

सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आहे. तीन वर्षांपूर्वी वर्षावास संपल्यावर वस्तीतली आणि आसपासच्या गावांतली मिळून चाळीसेक माणसं बस करून बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळात लुंबिनीला जाऊन आली. परत आल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या शेजारच्या काकूंना ताप आला आणि कोरडा खोकला लागला. मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे वस्तीत कुणाला काही झालं की सोबतीला मलाच नेतात. काकूंना घेऊन मी तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात गेलो.

आमच्या आधी एका व्यापाऱ्याच्या घरचा तरुण आत गेला होता. दार उघडंच होतं. डॉक्टरांनी त्याला पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच विचारलं, "मध्यंतरी बाहेर कुठं गेला होतात का? परदेशात वगैरे?" मग काकूंचा नंबर आला. तंबाखू खाता का, चुलीवर स्वयंपाक करता का, घरात कुणाला टीबी होता का. प्रश्न सगळे बरोबर होते, त्यात मला खोट काढायची नाही. पण कुठं गेला होतात, हा प्रश्न काही आला नाही. डोक्यावर पदर, पायात स्लिपर, पत्ता सिद्धेश्वर. ही बाई कुठं जाणार!

घरी येताना ऑटोत काकू म्हणाल्या, "आपण नेपाळला जाऊन आलो ते सांगायचं राहिलंच की हो भाऊ."

काकूंची थुंकी तपासली, एक्स-रे काढला, काही निघालं नाही. आठ-दहा दिवसांत खोकला गेला. पण तो न विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. फुफ्फुसाचे काही आजार असे आहेत की माणूस कुठं जाऊन आला, कुठल्या धुळीत राबला हे कळल्याशिवाय ते ओळखूच येत नाहीत. ते बुरशीचे आजार आहेत. आणि ते अगदी टीबीचं सोंग घेऊन येतात.

बुरशी म्हटलं की आपल्याला २०२१ साल आठवतं. कोरोनातून उठलेल्या माणसाचा डोळा सुजायचा, गाल दुखायचा, टाळू काळा पडायचा. काळी बुरशी. तिचं औषध अ‍ॅम्फोटेरिसिन-बी, त्याच्या इंजेक्शनसाठी लोक या शहरातून त्या शहरात धावत होते. वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा मारा या दोन गोष्टींनी त्या बुरशीला दार उघडून दिलं होतं. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं की हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायचा. लाट ओसरली आणि बुरशी हा शब्दच आपण विसरलो. जणू ती कोरोनाबरोबर आली आणि कोरोनाबरोबर गेली.

बुरशी तर आधीपासून आहे. शिळ्या भाकरीवर, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर, कुजलेल्या कडब्यात. तिची बारीक बीजं रोज आपल्या नाकातोंडात जातात आणि धडधाकट शरीर त्यांचा निकाल लावतं. यातल्या बहुतेक बुरशी दुबळ्या शरीरालाच धरतात. पण मोजक्या काही जाती अशा आहेत की त्या चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसालाही आजारी पाडतात. या जाती सगळीकडे सारख्या नसतात. त्यांची त्यांची माती ठरलेली असते. म्हणून तर प्रवासाचा प्रश्न महत्त्वाचा.

त्यातली एक हिस्टोप्लाझ्मा. नाव अवघड आहे, पण तिच्या शोधाची गोष्ट आपल्या लोकांनी ऐकावी अशी आहे. १९०५ साली पनामाचा कालवा खोदायचं काम चाललं होतं. कॅरिबियन बेटांवरून हजारो काळे मजूर पोटासाठी तिथं आले होते. त्यातला मार्टिनिक बेटावरून आलेला एक जण तिथल्या अँकॉन इस्पितळात मेला. सॅम्युएल डार्लिंग नावाच्या डॉक्टरने त्याचं शवविच्छेदन केलं. फुफ्फुसात बारीक बारीक दाणे होते, थेट अंगभर पसरलेल्या टीबीसारखे. दुसरा कुणी असता तर टीबी लिहून मोकळा झाला असता. डार्लिंगने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर टीबीचा जंतू नव्हताच. पेशींच्या आत वेगळंच काही भरलेलं होतं. त्याला ते आपल्याकडच्या काळा आजाराच्या जंतूसारखं वाटलं आणि त्याने १९०६ मध्ये त्याला नाव दिलं. ते प्राणी नसून बुरशी आहे हे नक्की व्हायला १९३४ साल उजाडलं. म्हणजे या रोगाची जगाला पहिली ओळख झाली ती घरदार सोडून परमुलखात कामाला गेलेल्या मजुराच्या देहातून, आणि ओळख झाली तीही टीबी समजूनच.

ही बुरशी पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा पडलेल्या मातीत फोफावते. अमेरिकेत ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत ती भरपूर आहे, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहे, आफ्रिकेत आहे. भारतातला पहिला रुग्ण १९५४ साली कलकत्त्याहून नोंदला गेला. गंगेच्या खोऱ्यात, त्यातही पश्चिम बंगालमध्ये तिचे रुग्ण जास्त आढळतात. पण महाराष्ट्रातल्या रुग्णालयांतही तिचे रुग्ण निघालेले आहेत. आपल्या यात्रेची बस याच गंगेच्या मैदानातून जाते. याचा अर्थ यात्रेला जाऊ नका असा कुणी काढू नये. महाबोधी विहारात बसून वंदना घेतल्याने कुणाला बुरशी होत नाही. विष्ठा मिसळलेली कोरडी माती उकरली, झाडली, तुडवली आणि तिची धूळ छातीत गेली, तर धोका.

आणि इथं मला आपल्या पोरांशी थोडं बोलायचं आहे.

गेल्या काही वर्षांत आपली तरुण मुलं-मुली लेण्यांच्या स्वच्छतेला, संवर्धनाला जायला लागली आहेत. सुट्टीच्या दिवशी झाडू, घमेली घेऊन डोंगर चढतात. मला त्याचा अभिमान आहे. पण फोटो पाहतो तेव्हा छातीत धस्स होतं. अंधाऱ्या विहारात वटवाघळांच्या लेंड्यांचा थर, पोरं तो कोरडाच खराट्याने ढकलताहेत, धुरळा छताला लागलाय, आणि तोंडाला बांधलेलं काय, तर निळा रुमाल. रुमाल घाम पुसायला ठीक. या बुरशीचं बीज इतकं बारीक असतं की रुमालाच्या विणीतून ते आरामात आत जातं. जगभर गुहांमध्ये शिरणाऱ्या लोकांना हा आजार झाल्याच्या इतक्या नोंदी आहेत की त्याला गुहेचा ताप असंच नाव पडलं आहे. २०११ मध्ये युरोपातले जीवशास्त्राचे विद्यार्थी युगांडात अभ्यास सहलीला गेले होते. वटवाघळं राहत असलेल्या एका पोकळ झाडात ते शिरले आणि त्यातले कितीतरी जण घरी परतल्यावर तापाने आणि खोकल्याने पडले. २००१ मध्ये अमेरिकेतली कॉलेजची मुलं सुट्टीत मेक्सिकोतल्या अकापुल्कोला गेली, एका हॉटेलात उतरली, तिथं बांधकाम चालू होतं. दोनशेहून जास्त मुलं आजारी पडली. गुहा नाही, जंगल नाही, साधं हॉटेल. धूळ मात्र होती.

तेव्हा पोरांनो, लेणी झाडायला जरूर जा, पण आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. खात्याची देखरेख असलेलं लेणं असेल तर आपल्याला झाडू मारायचा हक्कच नसतो, हे बरेच जण विसरतात. परवानगी मिळाली तर विष्ठेवर आधी पाणी शिंपडा, ओली झाल्यावरच फावड्याने उचला, एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवून घाला, लहान मुलांना बाहेर ठेवा. ज्याला साखर आहे, ज्याला पूर्वी टीबी झालाय, एचआयव्ही आहे, ज्याची किडनी बदललेली आहे किंवा दम्या-संधिवातासाठी स्टेरॉइड चालू आहे, त्याने आत जाऊ नये. त्याने खाली थांबून स्वयंपाक सांभाळावा, तेही श्रमदानच आहे. आणि वटवाघळांना धूर करून, दगड मारून हाकलू नका. एक तर तो जीव आहे, शिवाय बिथरलेली वटवाघळं धूळ जास्तच उडवतात. ती तिथं राहतात, आपण पाहुणे म्हणून जातो.

आता दुसरी बुरशी, आणि ही खास परदेशात जाणाऱ्यांसाठी. तिचं नाव कॉक्सिडिऑइड्स. अमेरिकेत तिच्या आजाराला व्हॅली फीव्हर म्हणतात, म्हणजे खोऱ्याचा ताप. अ‍ॅरिझोना राज्य, कॅलिफोर्नियाचं सॅन होआकिन खोरं, मेक्सिकोचा उत्तर भाग अशा कोरड्या, वाळवंटी मातीत ती राहते. वारं सुटलं, नांगर चालला, पाया खणला की तिची बीजं हवेत उडतात. २०१९ मध्ये अमेरिकेत तिचे सुमारे २०,००० रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले बहुतेक अ‍ॅरिझोना-कॅलिफोर्नियातले. १९९४ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. दरडी कोसळून धुळीचे ढग उठले आणि त्यानंतर शेजारच्या व्हेंचुरा काउंटीत दोनशेवर लोक या तापाने पडले, तिघे दगावले. २०११ ते २०१४ या काळात कॅलिफोर्नियातच सौरऊर्जेचे प्रकल्प उभारताना माती हलवणाऱ्या मजुरांत ४४ जणांना हा आजार निघाला. कालवा असो की सौरप्रकल्प, धूळ आधी मजुराच्याच छातीत जाते.

तुम्ही म्हणाल, सिद्धेश्वरच्या माणसाला अ‍ॅरिझोनाचं काय? बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे आणि त्यावर आपल्या घरातली मुलं अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला जाताहेत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला अ‍ॅरिझोनात प्रवेश मिळाला तेव्हा त्याने मला लसींची यादी दाखवली. सगळं होतं त्यात. व्हॅली फीव्हरचं नाव नव्हतं, कारण त्याची लसच अजून निघालेली नाही. मी त्याला एवढंच सांगितलं, "बाळा, धुळीचं वादळ आलं की खिडक्या लावून आत बस. आणि तिथं असताना किंवा तिथून आल्यावर ताप, खोकला, छातीत दुखणं, सांधेदुखी, उठवत नाही असा थकवा आला, तर तिथल्या डॉक्टरला आणि इथल्याही डॉक्टरला स्वतःहून सांग, की मी अ‍ॅरिझोनातून आलोय." तिथल्या डॉक्टरला ते सांगावं लागत नाही, त्याला तो आजार माहीत असतो. इथल्याला सांगावंच लागतं. त्याने उभ्या आयुष्यात एखादाही रुग्ण पाहिला नसेल, तर त्याला आपण होऊन कसं सुचणार?

बीज छातीत गेल्यापासून एक ते तीन आठवड्यांत हा ताप येतो. हिस्टोप्लाझ्माचा साधारण तीन ते सतरा दिवसांत. म्हणजे माणूस विमानातून उतरून, सगळ्यांना भेटून, पेढे वाटून झाल्यावर आजारी पडतो आणि तोपर्यंत प्रवासाची गोष्ट जुनी झालेली असते. घाबरून जायचं मात्र कारण नाही. दोन्ही आजारांत बहुतेकांना काहीच जाणवत नाही किंवा ते आपोआप बरे होतात. हे आजार खोकण्यातून एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करायची, पोराला आजीजवळ जाऊ द्यायचं नाही, असले प्रकार इथं अगदीच बिनकामाचे. पण थोड्या लोकांत ते पसरतात. हाडांत, कातडीवर, मेंदूच्या आवरणापर्यंत जातात. मग वेळेवर निदान झालं नाही तर माणूस हाती लागत नाही.

थायलंडला, म्यानमारला जाणाऱ्या आपल्या उपासकांसाठी एक गोष्ट थोडक्यात. त्या भागात आणि आपल्या मणिपूरकडेही टॅलारोमायसिस नावाची एक बुरशी आहे. ती प्रामुख्याने एचआयव्ही असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना धरते. चेहऱ्यावर मध्ये खळगा असलेले पुरळ, ताप, वजन घटणं. अशा कुणी त्या बाजूचा प्रवास केला असेल तर तो एआरटी केंद्रावर जरूर सांगावा. आखातात गेलेल्या आपल्या भावांना या खास बुरशींची भीती तशी नाही. पण आखाताचा विषय निघालाच आहे, तर माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो.

माझे सख्खे मेहुणे आठ वर्षं आखातात बांधकामावर होते. जाण्याच्या बरेच आधी त्यांना टीबी झाला होता, कोर्स पूर्ण करून ते बरे झाले होते. आखातात जाणाऱ्याचा छातीचा एक्स-रे निघतो आणि जुन्या टीबीचा डाग दिसला तर माणूस नापास होतो, ही भीती सगळ्यांना असते. त्यांचा डाग पहिल्या वेळी कसा सुटला देव जाणे (म्हणायची पद्धत आहे, माफ करा). तेव्हापासून टीबी झाला होता हे ते कुणालाही सांगत नसत. बायकोच्या माहेरीसुद्धा नाही. परत आल्यावर दोन वर्षांनी त्यांच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. एका खासगी डॉक्टरने एक्स-रे पाहून थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. मेहुण्यांनी जुना टीबी सांगितला नाही, डॉक्टरांनी खोदून विचारलं नाही. सात महिने गोळ्या खाल्ल्या, रक्त थांबेना. वजन पन्नासच्या खाली आलं. शेवटी मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात सीटी स्कॅन झाला, तेव्हा टीबीने पूर्वी फुफ्फुसात पाडलेल्या पोकळीत बुरशीचा गोळा बसलेला दिसला. ती अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी. तिला परदेशाची गरज नाही, ती सगळीकडे आहे, आपल्या कडब्याच्या गंजीतही आहे. टीबी बरा होऊन गेला तरी त्याने केलेली पोकळी राहते आणि त्या रिकाम्या घरात ही भाडेकरू येऊन बसते. खोकला तोच, रक्त तेच, वजन घटणं तेच. फक्त जंतू वेगळा आणि औषध वेगळं.

डॉक्टरांनी विचारलं नाही हे खरं आणि आपण सांगितलं नाही हेही तितकंच खरं. मेहुण्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. टीबी झाला हे कळलं तर काम जातं, मुलीचं लग्न अडतं, विहीर-नळावर माणसं सरकून उभी राहतात. आपल्या माणसांना सरकून उभं राहणं काय असतं हे कुणी शिकवायला नको. त्यामुळे आजार लपवायची सवय आपल्या हाडात बसली आहे. पण सात महिने चुकीच्या गोळ्या त्या सवयीपायी खाल्ल्या गेल्या.

एक गोष्ट इथं मोठ्या अक्षरात लिहावी अशी आहे. हे वाचून टीबीच्या गोळ्या कुणीही बंद करू नका. जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे एक तरी भारतातला आहे. आपल्या वस्तीत दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर पहिला संशय टीबीचाच घ्यायचा आणि तोच बरोबर. सरकारी दवाखान्यात थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी फुकट होते, गोळ्या फुकट मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये खात्यात येतात. माझं म्हणणं एवढंच की गोळी आधी आणि तपासणी नंतर, असं होऊ देऊ नका. थुंकीत टीबी निघाला तर कोर्स शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण करा. थुंकी दोनदा तपासूनही टीबी निघत नसेल, किंवा गोळ्या नीट खाऊन दोन महिन्यांत फरक पडत नसेल, तर हात जोडून नव्हे, सरळ विचारा, "डॉक्टर, ही बुरशी असू शकते का?" थुंकीची बुरशीसाठी वेगळी तपासणी असते, रक्ताची असते, सीटी असतो, गरज पडली तर तुकडा काढून तपासतात. तुकडा काढला तरी टीबी आणि हिस्टोप्लाझ्मा यांचे दाणे सारखेच दिसू शकतात. म्हणून तुकडा टीबीसाठी आणि बुरशीसाठी, दोन्हींसाठी पाठवा असं आधीच सांगावं लागतं. ताप, घटतं वजन आणि त्याबरोबर जिभेवर किंवा तोंडात न भरणारी जखम असेल, तर हिस्टोप्लाझ्माचाही विचार करायला हवा. आपल्याकडे तंबाखू खाणारे बरेच, त्यामुळे अशी जखम कॅन्सरची आहे का हेही त्याच वेळी बघून घ्यावं.

औषधांबद्दल दोन शब्द. इट्राकोनॅझोल नावाची गोळी या बुरशींवर चालते. हीच गोळी लोक गजकर्णासाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणतात आणि दहा दिवस खाऊन सोडून देतात. तो उद्योग करू नका. टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन हे औषध शरीरातलं इट्राकोनॅझोल फार कमी करून टाकतं, म्हणून दोन्ही एकत्र चालू असतील तर डॉक्टरांना ठाऊक पाहिजे. आणि खोकल्यावर "ताकदीचं इंजेक्शन" म्हणून कुणी स्टेरॉइड टोचत असेल, तर नाव विचारा. टीबी असो की बुरशी, निदानाआधीचं स्टेरॉइड दोन दिवस बरं वाटायला लावतं आणि रोग आत पसरवतं. २०२१ मध्ये आपण ते डोळ्यांनी पाहिलं.

सरकारकडे माझं मागणं फार मोठं नाही. २०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. सिद्धेश्वरच्या माणसाला आजवर मोठ्या तपासणीसाठी नांदेड, नाहीतर संभाजीनगर गाठावं लागायचं. नवीन कॉलेजच्या प्रयोगशाळेत बुरशीच्या तपासणीचं एक टेबल पहिल्यापासून असावं आणि टीबीसाठी आलेली, पण टीबी न निघालेली थुंकी तिथं पाठवायची सोय तालुक्यांना असावी. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये जगाला सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या १९ बुरशींची यादी काढली. अ‍ॅस्परजिलस त्यात सगळ्यात वरच्या गटात आहे, हिस्टोप्लाझ्मा दुसऱ्या गटात. हा श्रीमंतांचा किंवा परदेशाचा आजार म्हणून सोडून द्यायची वेळ गेली आहे. दुसरं, समाजकल्याण खात्याने परदेशी शिष्यवृत्तीच्या मुलांना व्हिसाची, विम्याची माहिती देतात तशी त्या त्या देशाच्या आजारांचीही एक पानी माहिती द्यावी.

तिसरं मागणं डॉक्टरांकडे. केस पेपरवर एक ओळ वाढवा. मागच्या सहा महिन्यांत कुठं कुठं गेला होता आणि काय काम केलं. हा प्रश्न बुटातल्या माणसालाही विचारा आणि चप्पलेतल्या माणसालाही. आमच्यातला माणूस ऊसतोडीला कर्नाटकात जातो, वीटभट्टीवर जातो, वसमतच्या बाजारात हळदीच्या धुळीत पोती उचलतो, लुंबिनीला जातो, दुबईला जातो, आणि त्याचा नातू अ‍ॅरिझोनाला जातो. आमच्याएवढं हिंडणारं दुसरं कोण आहे?

आपण आपल्या बाजूने एक केलं आहे. यात्रेची बस निघते तेव्हा विहारातल्या वहीत जाणाऱ्याचं नाव, निघाल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि कुठं कुठं मुक्काम झाला हे लिहून ठेवतो. कुणी नंतर आजारी पडलं तर त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन दवाखान्यात जायचं. आशाताईंनाही ती वही ठाऊक आहे.

परवा काकूंचा गुडघा दुखत होता म्हणून पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. खुर्चीवर बसता बसताच काकूंनी सुरू केलं, "डॉक्टर, मी नेपाळला जाऊन आलेय, तीन वर्षं झाली." डॉक्टर हसले. गुडघ्याला नेपाळचं काय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण काकू पुढे म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नव्हतं तेव्हा, म्हणून सांगितलं." डॉक्टर थांबले, पेन उचललं आणि केस पेपरवर लिहून घेतलं.